वर्ग घावंना

बोर्डाच्या ऑफिसात काही कागद द्यायचे होते म्हणून त्या दिवशी मी आमच्या कॉलेजला गेले नव्हते. २०२४ च्या ऑगस्टचा शेवटचा आठवडा. काम अपेक्षेपेक्षा लवकर उरकलं, तेव्हा दुपारचे तास तरी घ्यावेत म्हणून सव्वाअकराच्या सुमाराला कोल्हापूरच्या मध्यवर्ती स्टँडवर आले. पाऊस नुकताच थांबला होता. फरशीवर चिखलाच्या पावलांचे ठसे, डिझेलचा आणि तळणाचा एकत्र वास, आणि भोंग्यातून फलाटांचे आकडे. मागच्या बाजूच्या बाकावर, खांबाला टेकून, मांडीवर दप्तर घेऊन ती बसली होती. मार्चपर्यंत माझ्या बारावीच्या वर्गात खिडकीकडच्या दुसऱ्या बाकावर बसणारी मुलगी. मला बघून चटकन उभी राहिली. मी म्हटलं, "काय गं, कॉलेज सुटलं?" ती म्हणाली, "व्हय मॅडम, आज लवकर सुटलं." मी म्हटलं, "बरं. नीट जा." तेवढ्यात माझी गाडी लागली आणि मी जागा धरायला धावले.

गाडी रंकाळ्याच्या पुढं गेल्यावर डोक्यात काहीतरी टोचायला लागलं. विज्ञानाचं पदवीचं कॉलेज साडेदहाला भरतं. ते सव्वाअकराला कसं सुटेल? आणि सुटलं असेल, तर तिच्या गावाकडची गाडी लागते त्या फलाटाकडं पाठ करून ती का बसली होती? दप्तराची चेन पूर्ण लावलेली, छत्री सुकलेली. म्हणजे तासाभरापेक्षा जास्त वेळ ती तिथंच होती. हे सगळं मी बघितलं होतं. बाई म्हणून, शिक्षिका म्हणून, वर्गात कुणाचं लक्ष नाही ते पाठमोरं असताना ओळखणारी म्हणून, मला ते दिसलं होतं.

मी विचारलं नाही.

ती धामोड खोऱ्यातल्या एका वाडीतली. आमचं ज्युनियर कॉलेज राधानगरी रस्त्यावर आहे. आसपासच्या पंधरा-वीस वाड्यांची पोरं येतात. मी रसायनशास्त्र शिकवते. अनुमापनाच्या प्रॅक्टिकलला ब्युरेटची, म्हणजे थेंबथेंब द्रावण सोडायच्या काचेच्या नळीची, चावी फिरवताना बहुतेक मुलं घाई करतात आणि फ्लास्कमधलं पाणी एकदम गडद गुलाबी होऊन बसतं. हिचा हात मात्र थेंबावर थांबायचा. फिकट, अगदी असल्या-नसल्यासारखा गुलाबी रंग आला की ती चावी बंद करायची आणि फ्लास्क पांढऱ्या कागदावर धरून माझ्याकडं बघायची. बारावीला रसायनशास्त्रात शंभरात अठ्ठ्याऐंशी. सीईटीत फारसं जमलं नाही, पण बीएस्सी करायचं तिनं आधीच ठरवलं होतं. निकालानंतर पेढे घेऊन आली, तेव्हा कागदांची प्लॅस्टिकची फाईल दाखवली. उत्पन्नाचा दाखला, डोमिसाईल, नॉन-क्रिमिलेअर, शाळा सोडल्याचा दाखला, प्रत्येकाच्या तीन-तीन झेरॉक्स. सेतू केंद्रात किती हेलपाटे मारले ते तिनं हसत सांगितलं होतं. मला वाटलं, हिची काळजी नाही.

चार दिवसांनी रजा टाकली आणि पुन्हा स्टँडवर गेले. घरी सांगताना मी वेगळंच कारण सांगितलं, का ते मला अजून नीट कळलेलं नाही. ती त्याच बाकावर होती. दुपारचा एक वाजत आला होता आणि तिनं डबा उघडला होता. भाकरी, खर्डा, वर थोडा भात. मी शेजारी बसले. या वेळी काही विचारायच्या आधीच तिच्या हातातला घास तसाच राहिला. बऱ्याच वेळानं म्हणाली, "मॅडम, मी रोज येतो. पर वर्ग घावंना."

किती दिवस झाले, असं विचारलं. बोटांवर मोजून म्हणाली, "आज धरून अठरा."

झालं होतं ते असं. जुलैच्या मध्यावर कॉलेज भरलं. पहिले तीन-चार दिवस स्वागत, भाषणं, ओळखपत्रांचे फोटो. मग पाऊस सुरू झाला. त्या जुलैअखेरीस पंचगंगेनं त्रेचाळीस फुटांची धोका पातळी ओलांडली होती, राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडले होते, भोगावतीचं पाणी कुठं शेतात तर कुठं रस्त्यावर. तिच्या वाडीकडची गाडी बंद. पाणी ओसरलं, गाडी सुरू झाली, पण लगेच भाताच्या कामाला घरी माणूस कमी पडलं. ऑगस्टच्या सुरुवातीला ती परत आली, तोपर्यंत वर्ग बसलेला होता. वेळापत्रक ठरलं होतं, प्रॅक्टिकलच्या बॅचा पडल्या होत्या, कोण कुणाशेजारी बसणार तेसुद्धा ठरून गेलं होतं. वेळापत्रक व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर आलं होतं. प्रवेशअर्जावर नंबर वडिलांचा. फोन वडिलांच्या खिशात, वडील रानात. "कॉलेजचं कायतरी आलंय बघ," असं त्यांनी एकदा रात्री सांगितलं, तेव्हा फोनमधली जागा भरलेली होती आणि फाईल उघडत नव्हती.

त्याच वर्षापासून, २०२४-२५ पासून, आपल्याकडच्या संलग्न महाविद्यालयांत पहिल्या वर्षाला नवीन शैक्षणिक धोरणाची रचना लागू झाली. सत्राला बावीस क्रेडिट. एक क्रेडिट म्हणजे लेक्चरचे पंधरा तास, प्रॅक्टिकल असेल तर तीस. मेजर म्हणजे मुख्य विषय, मायनर म्हणजे जोडीचा, ओपन इलेक्टिव्ह म्हणजे दुसऱ्या शाखेतला निवडीचा, शिवाय कौशल्याचा विषय, भारतीय ज्ञानप्रणाली. विचार म्हणून मला ही रचना पटते. विज्ञानाच्या मुलीला दुसऱ्या शाखेतलंही काही शिकता यावं हे चांगलंच आहे. पण तिच्या डोळ्यांनी ते वेळापत्रक बघा. एकेका चौकोनात तीन-तीन आद्याक्षरं, खाली खोलीचा नंबर, कंसात बॅच. बारावीपर्यंत तिचा वर्ग एक, बाक एक, शेजारीण एक. घंटा व्हायची आणि पुढचे सर दारातून आत यायचे. तास आपल्याकडं यायचा. इथं आपण तासाकडं जायचं होतं, आणि तो कुठल्या इमारतीत आहे हे कुणीतरी सांगायला हवं होतं. पहिल्या दिवशी ती ज्या खोलीत जाऊन बसली, तो भाग दोनचा, म्हणजे दुसऱ्या वर्षाचा, वर्ग निघाला. सरांनी "कुठला वर्ग तुझा?" विचारलं, मागची मुलं हसली, ती बाहेर आली. दुसऱ्या दिवशी खोलीला कुलूप होतं. तिसऱ्या दिवशी ती फाटकापर्यंत गेली आणि वळून स्टँडवर आली.

"कुणाला तरी विचारायचं की गं."

"कुणाला इचारू मॅडम? आणि पयल्या दिवशी इचारलं असतं तर ठीक. आता इतक्या दिवसांनी काय म्हणून इचारायचं? म्हणतील, इतके दिवस कुठं हुतीस?"

याच्यावर मला पटकन काही बोलता आलं नाही. एक दिवसाची लाज दुसऱ्या दिवशी दुप्पट होते, हे मी स्वतः कितीदा अनुभवलंय; वयानं त्यात काही फरक पडत नाही. तिच्या बाबतीत आणखी एक गोष्ट होती. बारावीपर्यंत मुलींना एसटीचा पास मोफत असतो. पदवीला गेलं की सवलत असते, पण भाड्याचा तिसरा हिस्सा भरावा लागतो. दर महिन्याला ते पैसे वडील मोजून हातावर ठेवत होते. त्या पैशावर ती स्टँडवर येऊन बसत होती. घरी सांगितलं तर? तिच्या आत्यानं दिवाळीनंतर दोन स्थळं बघायचं आधीच काढलं होतं. "पोरीला कॉलेज जमंना" एवढं एक वाक्य घरात फिरलं असतं तरी पुरलं असतं. म्हणून ती रोज पहिल्या गाडीनं येत होती, एक वाजता डबा खात होती, चारच्या गाडीनं परत जात होती. स्टँडवर बसलेल्या माणसाला कुणी काही विचारत नाही. तिथं प्रत्येक जण कशाची तरी वाटच बघत असतो. घरी गेल्यावर आई विचारायची, आज काय शिकवलं? आणि ही बारावीच्या पुस्तकातलं काहीतरी सांगायची.

हे ऐकताना माझ्या पोटात तुटलं.

दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये, नाव न घेता, मी हा विषय काढला. आमचे एक सहकारी, अतिशय कष्टाळू माणूस, चहा ढवळत म्हणाले, "मॅडम, किती दिवस बोट धरणार? धडपडल्याशिवाय पोरं शिकत नाहीत. आपण शिकलोच की. आपल्याला कोण आलं होतं सांगायला?" बाकीच्यांनी माना हलवल्या. मीसुद्धा हलवली असावी. मग दिवसभर ते वाक्य माझ्याबरोबर राहिलं, आणि संध्याकाळी घरी भाजी चिरताना एकदम हात थांबला. कारण मला सांगायला कोणीतरी आलं होतं.

१९८९ चा जुलै. आबांनी मला आणि माझ्या पत्र्याच्या ट्रंकेला वसतिगृहाच्या दारात उतरवलं, खिशातले सुटे पैसेसुद्धा काढून दिले आणि मागं न बघता गेले. पहिल्या दिवशी हजेरी सुरू झाली. माझं नाव आल्यावर मी गावच्या शाळेतल्यासारखी उभी राहून खणखणीत "हजर" म्हणाले. शंभर पोरं हसली. त्या रात्री मी उशी तोंडात धरून रडले. शेजारच्या खाटेवर आजरा तालुक्यातली एक मुलगी होती, दोन वर्षं पुढची, आम्ही तिला अक्का म्हणायचो. तिनं दिवा लावला, मला उठवून बसवलं आणि सगळा अभ्यासक्रम शिकवावा तसं सांगितलं. हजेरीला बसूनच 'येस सर' म्हणायचं. तासाला उशीर झाला तर मागच्या दारानं नाही, पुढच्यानंच जायचं, विचारायचं आणि बसायचं. लायब्ररीचं कार्ड पहिल्या आठवड्यात काढायचं, नंतर चांगली पुस्तकं उरत नाहीत. इंग्रजीतलं लेक्चर कळलं नाही तरी लिहून घ्यायचं थांबवायचं नाही. रात्री दोघी बसून लावू. दुसऱ्या दिवशी ती माझं मनगट धरून मला ऑफिसच्या खिडकीपर्यंत घेऊन गेली. तिच्या हाताला रॉकेलचा वास यायचा, स्टोव्ह तीच पेटवायची. आज तिचं आडनावसुद्धा मला आठवत नाही. पस्तीस वर्षं मी "मी एकटीनं शिकले" असं सांगत आले. अक्का त्या गोष्टीतून कधी गळून पडली ते मला कळलंच नाही.

दसरा चौकातून, तिथल्या जुन्या बोर्डिंगांसमोरून जाताना हल्ली म्हणून माझी पावलं रेंगाळतात. लहानपणापासून वसतिगृहांचं शहर म्हणून कोल्हापूरचं कौतुक ऐकत आलेय; १९०१ चं मराठा बोर्डिंग, त्याच वर्षीचं जैन बोर्डिंग, मग मुस्लिम, लिंगायत, १९०८ चं मिस क्लार्क. शाहू जयंतीला भाषणांत ही नावं यायची आणि आम्ही टाळ्या वाजवायचो. पण त्या पोरीच्या शेजारी बसून आल्यावर मला त्या दगडी भिंतींकडं वेगळं बघावंसं वाटलं. राजाराम कॉलेज इथं १८८० पासून होतं. कॉलेज होतं, म्हणून गावाकडचा पोरगा आपोआप त्यात गेला नाही. शाहू महाराजांनी त्याच्यासाठी आधी छप्पर, ताट आणि शेजारची खाट उभी केली. त्या शेजारच्या खाटेवर कोणीतरी पुढच्या वर्गातलं असणार होतं, आणि रात्री दिवे मालवल्यावर जे काही बोललं जाणार होतं ते कुठल्याच पुस्तकात नव्हतं. इथल्या जैन बोर्डिंगात राहून गेलेल्या भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यात शाहू बोर्डिंग काढलं. माणूस जिथं वाढतो, तिथली गरज त्याला बरोबर कळलेली असते. आमच्या पोरी रोज एसटीनं येऊन-जाऊन करतात. त्यांच्या शेजारी खाट नाही. गाडीतली सीट आहे, आणि तिथं शेजारी दुधाचा कॅन नाहीतर झोपलेलं माणूस असतं.

पुढच्या सोमवारी मी तिच्याबरोबर गेले. फाटकाशी तिचा चेहरा इतका पांढरा पडला की मला वाटलं, परत फिरावं. आत मी बोलायचं नाही, असं आम्ही येतानाच ठरवलं होतं. वाक्य तिनं पाठ केलं होतं: "मी भाग एकची विद्यार्थिनी आहे, पुरामुळं वेळापत्रक मिळालं नाही, ते कुठं मिळेल?" खिडकीवरच्या माणसानं मान वर न करता "ग्रुपवर टाकलंय" म्हटलं. ती माझ्याकडं बघायला लागली. मी भिंतीकडं बघितलं. फार अवघड गेलं ते. मग ती पुन्हा, जरा हळू आवाजात, म्हणाली, "ग्रुपवर मी नाय सर. कागदावर मिळंल का?" त्या माणसानं पहिल्यांदा मान वर केली. ड्रॉवरमधून एक पान काढलं, झेरॉक्स करून आणायला सांगितलं आणि विभागप्रमुखांची खोली दाखवली. विभागप्रमुखांनी तिची जर्नलची कोरी वही बघितली, पहिली चाचणी बुडालीय हे सांगितलं, आणि ब्युरेट धरता येतं का, असं विचारलं. ती म्हणाली, "येतं." बी-टू बॅच, गुरुवारी दीड वाजता. मी व्हरांड्यात उभी होते, तिथून एवढंच ऐकू आलं. परतताना ती गाडीत एक शब्द बोलली नाही. हजेरी भरायला आता किती तास लागतील त्याचा हिशोब तिकिटाच्या मागं करत होती.

त्या सत्रात एक विषय राहिला तिचा. मी मनातल्या मनात त्याचा दोष कुणाकुणावर टाकून बघितला. कॉलेजवर, पुरावर, फोनवर. पण दरवेळी येऊन थांबायचे ते माझ्याच दोन वर्षांपाशी. बोर्डाच्या पेपरात तीन मार्कांचा प्रश्न कसा सोडवायचा, चौकट कुठं करायची, एकक लिहायला विसरायचं नाही, हे मी शंभर वेळा सांगितलं. अनोळखी दारात उभं राहून "मला हे माहीत नाही" म्हणायचं कसं, याचा एकही तास घेतला नाही. आमच्या दृष्टीनं मार्चमध्ये काम संपतं, त्यांच्या दृष्टीनं जुलैत सुरू होतं. मधल्या चार महिन्यांत मूल कुणाच्याच हजेरीपटावर नसतं.

२०२५ च्या मे महिन्यात, गुणपत्रिका आणि दाखला न्यायला पोरं आली तेव्हा मी त्यांना दोन तास प्रयोगशाळेत थांबवून घेतलं. प्राचार्यांनी परवानगी दिली, चहाचे पैसेही दिले. एका कॉलेजचं खरं वेळापत्रक फळ्यावर काढलं आणि विचारलं, बुधवारी अकरा वाजता तू कुठं असशील? अर्ध्याहून जास्त जण चुकले. प्रवेशअर्जावर आपल्या हाताशी असेल तोच नंबर द्या, शिष्यवृत्तीचा ओटीपीही त्यावरच येतो, हे सांगितलं. मग खिडकीचा सराव घेतला. एक पोरगा क्लार्क झाला आणि इतका खेकसला की पोरी हसून टेबलाला टेकल्या. पण ज्या मुलीची पाळी होती तिचे डोळे भरून आले होते. मी तिला म्हटलं, पुन्हा विचार. तिनं पुन्हा विचारलं. वर्ग शांत झाला. दोन तास पुरेसे नव्हते. बरीच पोरं दाखला हातात पडला तशी गाडी चुकेल म्हणून निघूनही गेली होती, आणि ज्यांना थांबायची खरी गरज होती ती त्यांच्यातच असणार, ही रुखरुख मला अजून आहे.

तिलाही मी त्या दिवशी बोलावलं होतं, पण दुसऱ्या सत्राची परीक्षा होती. आठवड्यानं एका संध्याकाळी ती घरी आली. पायरीवर चपला काढताना "मी आलो मॅडम" म्हणाली. राहिलेल्या विषयाचा पेपर बरा गेला होता. आत्याकडची स्थळं अजून येतातच, पण वडील "पदवी होऊंदे" म्हणतायत, असं खाली बघत सांगितलं. चहा झाल्यावर तिनं दप्तरातून चार घड्या घातलेला एक कागद काढला. आखीव वहीचं पान, दोन्ही बाजूंनी, तिच्या त्या नीट, थेंबाथेंबानं उतरवल्यासारख्या अक्षरात भरलेलं. "ह्या वर्षी आपल्यातल्या सात पोरी तिकडं येणार हायत न्हवं? त्यास्नी द्या." मी चष्मा लावला. वर कॉलेजचं नाव, खाली पायवाटेसारखा नकाशा, फाटकापासून प्रयोगशाळेपर्यंत पावलं मोजून. मग एकाखाली एक: मुलींचं स्वच्छतागृह लायब्ररीच्या मागं, दुसऱ्या मजल्यावरच्याला पाणी नसतं. खोली नंबर तेरा बाराच्या शेजारी नाही, जिन्याच्या पलीकडं आहे. डबा खायला कॉमन रूम, कुणी काही म्हणत नाही. झेरॉक्स बाहेर स्वस्त. तीन नंबरच्या खिडकीवरचे काका ओरडतात, पण काम करून देतात. आणि अगदी तळाला, जागा उरली नव्हती म्हणून बारीक अक्षरात, तिचा स्वतःचा नवा मोबाईल नंबर, आणि त्याच्या पुढं: गुरुवारी दीडनंतर प्रॅक्टिकल असतं, तेव्हा उचलणार नाही, बाकी कधीपण लावा.